डब्यांची भाऊबंदकी

इंग्रजी भाषा श्रीमंत आहे, हे मला मान्य आहे. पण एवढ्या श्रीमंतीत तिच्याकडे भाऊबंदकीला शब्द नाही. 'फ्यूड' म्हणून एक आहे. पण त्यात दोनचार खून पडावे लागतात. 'रायव्हलरी' म्हणून दुसरा आहे. पण तो क्रिकेटच्या दोन संघांनाही चालतो, म्हणजे त्यात नाते आलेच नाही. भाऊबंदकीत आधी नाते असावे लागते, ते दोन्ही पक्षांना बोचत असावे लागते, आणि शेजारच्या घरातली कौले कुठे फुटली आहेत याची खडान्‌खडा माहिती या घराला असावी लागते. एवढा सगळा ऐवज आम्ही पाच अक्षरांत मावतो करून ठेवला आहे.

हे सुचायला निमित्त झाले ते मात्र अगदीच निराळे. टेलिव्हिजनला जोडून ज्यांवर खेळ खेळतात त्या डब्यांना 'कन्सोल' म्हणतात. या डब्यांच्या इतिहासावरची दोनतीन इंग्रजी पुस्तके मी २०२४ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचून काढली. मराठीच्या प्राध्यापकाला ही अवदसा का आठवली, ते पुढे येईलच. या पुस्तकांत पानोपानी 'युद्ध' हा शब्द आहे. अमक्या साली युद्ध सुरू झाले, तमक्या आघाडीवर अमकी कंपनी हरली, वगैरे. वाचता वाचता माझ्यातला परीक्षक जागा झाला आणि मी मनातल्या मनात समासात लाल शाईने लिहिले, 'शब्दयोजना चुकली'. युद्धातला शत्रू बाहेरून चालून येतो. हे सगळे तर एकाच वाड्यात जन्मलेले, एकाच पाण्यावर वाढलेले!

'कन्सोल' या शब्दाचीही एक गंमत आहे. नाम म्हणून त्याचा अर्थ पेटी किंवा भिंतीला टेकवून ठेवायचे टेबल. क्रियापद म्हणून अर्थ सांत्वन करणे. आमच्या महाविद्यालयातल्या इंग्रजीच्या बाईंनी मला बजावून सांगितले, की दोन्हींतला आघात निराळा आहे, तेव्हा उगीच संबंध जोडू नका. मी जोडला नाही.

या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे राल्फ बेअर. हिटलरच्या जर्मनीतून कोवळ्या वयात आईबापांबरोबर अमेरिकेत आलेला हा इंजिनिअर. त्याच्या कल्पनेतून १९७२ साली मॅग्नावॉक्स कंपनीचा 'ओडिसी' हा पहिला घरगुती डबा बाजारात आला. त्याला आवाज नव्हता. पडद्यावर दोनतीन पांढरे ठिपके हलायचे, आणि मैदान, जंगल, घर असे काही दिसावे म्हणून काचेवर रंगीत पारदर्शक कागद चिकटवायचा. गुण कोणाला किती झाले ते खेळणाऱ्यांनीच वहीत मांडायचे. त्याच वर्षी नोलन बुशनेल यांच्या अटारी कंपनीने 'पाँग' नावाचा टेबल-टेनिसचा खेळ काढला आणि तो लोकांनी डोक्यावर घेतला. पुढे मॅग्नावॉक्सने अटारीला कोर्टात खेचले. १९७६ साली अटारीने पैसे मोजून तडजोड केली. वंशवृक्षाला दुसरी फांदी फुटते न फुटते तोच वकीलपत्र! भाऊबंदकीचे याहून अस्सल लक्षण कोणते?

अटारीने पुढे, १९७७ सालापासून, निरनिराळ्या कॅसेटी घालायचा डबा विकून अमाप पैसा केला आणि तितक्याच झपाट्याने घालवला. १९८२ साली एका गाजलेल्या चित्रपटावरचा खेळ त्यांनी पाच-सहा आठवड्यांत घाईघाईने उरकून घेतला. तो इतका पडला, की न खपलेला माल इतर कॅसेटींबरोबर न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाबाहेर खड्ड्यात पुरावा लागला. ही दंतकथा आहे असे लोक तीस वर्षे म्हणत होते. २०१४ साली जमीन उकरली, तर कॅसेटी निघाल्या!

१९८३ सालच्या ज्या महिन्यांत अमेरिकेत ही पडझड चालली होती, त्याच महिन्यांत जपानमध्ये पाळणा हलला. १५ जुलै १९८३ या एकाच दिवशी दोन डबे दुकानांत आले. एक निन्टेन्डोचा 'फॅमिकॉम', दुसरा सेगाचा 'एसजी-१०००'. कादंबरीत कोणी जुळ्यांची अशी योजना केली असती तर मी तिला बाळबोध म्हटले असते. पण इतिहासाला परीक्षणाची भीती नसते.

दोघांची कुळे मात्र तपासण्याजोगी आहेत. निन्टेन्डोचे घराणे क्योतोचे, १८८९ पासूनचे. फुलांची चित्रे असलेले पत्ते छापणारे. पणजोबांनी सुरू केलेली ही गादी हिरोशी यामाउची यांनी १९४९ ते २००२ अशी त्रेपन्न वर्षे सांभाळली. आपल्याकडच्या जुन्या पेढीवरचे शेठजी डोळ्यांपुढे आणा. सेगाचे कूळ याच्या अगदी उलटे. हवाईतल्या अमेरिकन माणसांनी लष्करी तळांवर नाण्याची यंत्रे पुरवण्याचा धंदा काढला, त्याचे नाव 'सर्व्हिस गेम्स'. त्यातली आद्याक्षरे जुळवून झाले 'सेगा'. म्हणजे एक पिढीजात वाड्यातला, दुसरा बाहेरून येऊन बिऱ्हाड थाटलेला. बिऱ्हाडावरून आठवले. निन्टेन्डोचा तो मिशाळ, टोपीवाला मारिओ ठाऊक आहे ना? त्याचे नाव निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या गोदामाच्या घरमालकावरून ठेवले, मारिओ सेगाले यांच्यावरून. भाडे मागायला आलेल्या घरमालकाचे नाव जगातल्या मुलांच्या तोंडी झाले. पुण्यातल्या एखाद्या घरमालकाच्या वाट्याला असे भाग्य आल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता आमच्या वाड्याकडे वळतो. शुक्रवार पेठेतला आमचा वाडा आजोबांच्या मागे वडील आणि काका अशा दोघांचा झाला. दोघांचे नेमके कशावरून बिनसले, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. विहिरीवरच्या पंपाचे बिल, आजीच्या पाटल्या, अंगणातली एक चिंचोळी पट्टी, अशी कारणे वेळोवेळी कानांवर आली. १९९१ साली माजघराच्या मधोमध भिंत उठली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि चुलतभाऊ दहाचा. त्या भिंतीचा गिलावा दोन्हीकडून निरनिराळ्या गवंड्याने केला, कारण गवंड्याच्या बाबतीतही एकमत झाले नाही. फक्त मागची आजीची खोली तेवढी अविभक्त राहिली. तिला दोन्हीकडे दारे होती, आणि दोन्ही दारांना आतून कडी नव्हती.

दुसऱ्या वर्षी काकूंचे मस्कतला नोकरीला असलेले भाऊ रजेवर आले आणि भाच्यासाठी सेगाचा 'मेगा ड्राइव्ह' घेऊन आले. काळाभोर, गुळगुळीत, आणि माथ्यावर सोनेरी अक्षरांत '१६-बिट' अशी मोहोर. बिट म्हणजे काय हे आमच्या पेठेत कोणालाही ठाऊक नव्हते. पण ते सोळा आहेत एवढे सकाळपर्यंत सगळ्या आळीला ठाऊक झाले. वडील त्या दिवशी जेवताना काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षीच्या दिवाळीत ते कचेरीच्या कामासाठी मुंबईला गेले आणि येताना मनीष मार्केटमधून एक पुठ्ठ्याची पेटी घेऊन आले.

आमच्या डब्याला नाव नव्हते. म्हणजे पेटीवर दोन निरनिराळी नावे होती, डब्यावर तिसरेच होते, आणि कागदपत्र चिनी लिपीत. पांढरा-तांबडा डबा, डब्यालाच कायमची जोडलेली दोन हँडले, एक प्लॅस्टिकची बंदूक, आणि '९९९ खेळ' असे छापलेली एक पिवळी कॅसेट. नऊशे नव्व्याण्णवांपैकी खरे खेळ चौदा. बाकी सगळे तेच, नावे बदलून पुन्हा पुन्हा. काही विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासताना मला ती कॅसेट हटकून आठवते.

तो डबा कोणाचा होता, हे मला तीस वर्षांनी या पुस्तकांतून कळले. १५ जुलै १९८३ ला जन्मलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची ती हुबेहूब नक्कल होती. अमेरिकेसाठी केलेल्या डब्यात निन्टेन्डोने एक कुलूप बसवले होते. कॅसेटमध्ये आणि डब्यामध्ये एकेक छोटी चिप. दोघींची खूण पटली तरच खेळ सुरू. मूळ जपानी फॅमिकॉमला मात्र असे कुलूपच नव्हते. मग तैवानमध्ये आणि चीनमध्ये त्याच्या नकला निघाल्या आणि निम्म्या जगात पसरल्या. रशियात १९९२ च्या अखेरीस हीच नक्कल 'डेंडी' नावाने आली आणि तिथल्या एका पिढीला डेंडी म्हणजेच व्हिडिओ गेम असे वाटू लागले. पोलंडमध्ये तिचे नाव 'पेगासस'. आमच्या पेठेत ती नुसतीच 'गेम'. म्हणजे नकळत आमच्या वाड्यातही तीच दोन घराणी नांदत होती. भिंतीपलीकडे सेगा, अलीकडे निन्टेन्डोचे अनौरस का होईना पण पोर!

आणि टेलिव्हिजन? आमच्याकडे अजून टेलिव्हिजनच नव्हता. काकांकडे रंगीत होता, पण परीक्षा संपेपर्यंत त्याला हात लावायची चुलतभावाला बंदी, आणि परीक्षा त्याच्या कधी संपतच नसत. उरला आजीच्या खोलीतला, शटर ओढून कुलूप लावायचा कृष्णधवल टेलिव्हिजन. त्याच्या पाठीमागे ॲन्टेनाची जागा एकच. तेव्हा संध्याकाळी साडेपाच ते सव्वासहा त्याचा सेगा आणि सव्वासहा ते सात आमचा बिननावाचा, असा करार आजीने घालून दिला. सात वाजता दोन्ही वायरी काढायच्या. मराठी बातम्या सोडायला आजी तयार नव्हती.

पहिला आठवडाभर आम्ही एकमेकांचा खेळ तोंड फिरवून पाहिला, म्हणजे पाहिलाच. त्याचा सोनिक नावाचा निळा साळिंदर पळायचा काय भन्नाट! निळा असे चुलतभावाने सांगितले म्हणून. आम्हांला तो करडाच दिसे. पण त्या कॅसेटीत खेळणारा एकटाच. हँडल एकाच्या हातात आणि बाकीच्यांनी नुसते बसायचे. आमच्या डब्यावर 'काँट्रा' होता. त्यात बंदूकधारी दोन शिपाई खांद्याला खांदा लावून लढतात, आणि एकाने मान टाकली की दुसऱ्याचीही धडगत नसते. नवव्या दिवशी चुलतभाऊ आपली पाळी संपल्यावर उठलाच नाही. "दुसरं हँडल रिकामंच आहे ना?" एवढेच म्हणाला. त्या दिवसापासून साडेपाचचा आणि सव्वासहाचा करार कागदावरच राहिला.

बंदुकीचा खेळ बदकांचा होता. नेम चुकला की गवतातून एक कुत्रा डोके वर काढून फिदीफिदी हसे. आजीला त्याचा विलक्षण राग. "बदकं मरोत, आधी त्या मेल्या कुत्र्याला मारा," असे ती माळ ओढता ओढता सांगे. त्या बंदुकीतून काहीच सुटत नसते, हेही मला आत्ताच कळले. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड दिसला की नाही एवढेच पाहतो. म्हणजे गोळी टेलिव्हिजनकडून बंदुकीकडे येते! आजीला हे सांगायला हवे होते. ती १९९९ साली गेली.

तिकडे अमेरिकेत याच सुमाराला त्या दोन घरांची चुरस ऐन भरात होती. टॉम कालिन्स्की नावाचे गृहस्थ १९९० साली सेगाच्या अमेरिकन शाखेचे प्रमुख झाले. त्यांनी डब्याची किंमत उतरवली, डब्याबरोबर १९९१ सालचा नवाकोरा सोनिक फुकट देऊन टाकला, आणि जाहिरातींतून निन्टेन्डोला चिडवणे चालूच ठेवले. निन्टेन्डोचे खेळ लहान पोरांचे, आमचे थोरल्यांचे, असा सगळा सूर. चौदापंधरा वर्षांच्या मुलाला दुसरे काय हवे असते? काही काळ तरी अमेरिकेत सेगाने निन्टेन्डोला मागे टाकले. १९९३ साली 'मॉर्टल काँबॅट' नावाचा मारामारीचा खेळ दोन्ही डब्यांवर आला. निन्टेन्डोने रक्त नको म्हणून त्याचा करडा घाम करून घेतला. सेगाच्या डब्यावर मात्र विशिष्ट बटणे ओळीने दाबली की रक्ताच्या चिळकांड्या उडत. त्यावरून त्या डिसेंबरात अमेरिकेच्या सिनेटपुढे सुनावणी झाली. चुलतभावाच्या मामांनी पुढे तीही कॅसेट पाठवली. आजीच्या टेलिव्हिजनवर रक्त काय आणि घाम काय, रंग एकच.

चांगले यंत्र जिंकते अशी माझी समजूत ही पुस्तके वाचून साफ पुसली गेली. हातात धरून खेळायच्या छोट्या डब्यांचेच पाहा. १९८९ सालचा निन्टेन्डोचा 'गेम बॉय' म्हणजे मळकट हिरव्या पडद्याचे, रंग नसलेले, अगदी साधे यंत्र. त्याचे कर्ते गुनपेई योकोई यांचे म्हणणेच असे, की जुने, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि ते नव्या कामाला लावावे. माझी आई जुन्या लुगड्याच्या गोधड्या शिवत असे. तिला हे तत्त्वज्ञान समजावून सांगावे लागले नसते. पुढच्या वर्षी सेगाने रंगीत, आतून उजळणाऱ्या पडद्याचा 'गेम गिअर' काढला. देखणा होता, पण सहा सेल तीनचार तासांत गिळून मोकळा व्हायचा. मुलांचे खिसे रिकामे झाले आणि गेम बॉय, त्याच्या पुढच्या रंगीत आवृत्तीसह, अकरा कोटींवर खपला.

आता ज्या प्रसंगामुळे मला भाऊबंदकी हा शब्द सुचला, तो सांगतो. निन्टेन्डोच्या दुसऱ्या डब्यातला आवाजाचा भाग सोनी कंपनीच्या केन कुतारागी या इंजिनिअरने करून दिला होता. त्यातून दोन्ही कंपन्यांचे ठरले, की निन्टेन्डोच्या डब्याला सीडी जोडायचे नवे यंत्र मिळून काढायचे. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने मोठ्या थाटात 'प्ले स्टेशन' या नावाने ते जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी, त्याच प्रदर्शनात, निन्टेन्डोने जाहीर केले की आमची सोयरीक फिलिप्सशी! करारातल्या एका कलमाने सीडीवरच्या खेळांचा सगळा ताबा सोनीकडे जात होता, हे निन्टेन्डोच्या मागाहून ध्यानात आले होते, एवढेच. पण भरल्या मांडवातून नवऱ्या मुलाने उठून जावे, तसे ते झाले. सोनीतले कित्येक वडीलधारे म्हणाले, खेळण्यांचा हा पोरखेळ आता सोडून द्या. कुतारागी सोडेनात, कंपनीचे अध्यक्ष नोरिओ ओगा त्यांच्या पाठीशी राहिले. ३ डिसेंबर १९९४ ला जपानमध्ये सोनीचा स्वतःचा 'प्लेस्टेशन' दुकानात आला आणि दहा कोटींच्या वर गेला. तोवर घरगुती डब्यांत कोणीच तो आकडा पाहिला नव्हता. निन्टेन्डोचा १९९६ सालचा डबा सव्वातीन कोटींवर थांबला.

ज्या साली शिकागोत हे झाले, त्याच साली आमच्या माजघरात भिंत उठली. मी योगायोगांना फारसे महत्त्व देत नाही. पण पुस्तकात तो आकडा आला तेव्हा पान मिटून थोडा वेळ बसलो, एवढे खरे.

कारण त्या दोन घरांत बोलणे नव्हते तरी लक्ष होते. वडील रात्री मला विचारीत, "काय म्हणतोय त्यांचा डबा?" त्यांचा डबा बरा आहे असे मी सांगे, आणि ते मान हलवीत. १९९५ च्या पावसाळ्यात आमच्या डब्याचा ॲडॉप्टर जळाला. तो तसाही इतका तापे, की आजी त्यावर थंडीत हात शेकीत असे. मुंबईला कोण जाणार, म्हणून डबा आठवडाभर पडून राहिला. एका दुपारी शाळेतून येऊन पाहतो तो ॲडॉप्टर आजीच्या कोनाड्यात, चालू होऊन बसलेला. काका टेलिफोन खात्यात होते; सोल्डरिंगमध्ये त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आजीने काही सांगितले नाही, चुलतभावानेही नाही. रात्री वडिलांनी तो चष्म्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. वायरीचा जोड मोहरीएवढा, गोल, चकचकीत. "हात अजून तसाच आहे त्याचा," असे म्हणाले आणि ॲडॉप्टर मला परत दिला. दोघे भाऊ त्यानंतरही बोलले नाहीत. वडील २०११ साली गेले, तेव्हा काका भिंतीपलीकडून न येता रस्त्यावरून वळसा घालून मोठ्या दरवाजाने आले आणि शेवटपर्यंत थांबले.

सेगाची गोष्ट पुढे वाचवत नाही. मे १९९५ मध्ये लॉस एंजलिसच्या प्रदर्शनात सेगाने आपला 'सॅटर्न' ३९९ डॉलरला, आणि आजपासूनच मिळेल, असे जाहीर करून सर्वांना चकित केले. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर गेले, '२९९' एवढाच आकडा उच्चारला आणि खाली उतरले. तीन अंकांचे इतके परिणामकारक भाषण मी आमच्या स्नेहसंमेलनांत अद्याप ऐकलेले नाही. सॅटर्न कोटीच्या आत अडकला. १९९८ सालचा 'ड्रीमकास्ट' हा अतिशय गुणी डबा. टेलिफोनची तार लावून दूरच्या माणसाशी खेळता येईल अशी सोय त्यात जन्मतःच होती. तोही कोटीला पोचला नाही. जानेवारी २००१ मध्ये सेगाने जाहीर केले, की यापुढे डबे बंद. आम्ही इतरांच्या डब्यांसाठी खेळ करून देऊ. कंपनीचे प्रमुख इसाओ ओकावा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. त्यांनी सुमारे सत्तर कोटी डॉलर किमतीचे स्वतःचे शेअर कंपनीला देऊन टाकले आणि मार्चमध्ये डोळे मिटले. यशाच्या पुस्तकांत त्यांना अर्धे पान मिळते. मी ते अर्धे पान दोनदा वाचले.

मग सोनीचा दुसरा डबा पंधरा कोटींच्या वर गेला. निन्टेन्डोने २००६ साली हातवारे करून खेळायचा 'वी' काढून पुन्हा दहा कोटी ओलांडले, २०१२ साली पुढच्याच डब्याला दीड कोटीचेही तोंड पाहिले नाही, आणि २०१७ सालच्या 'स्विच'ने परत पंधरा कोटींची मजल मारली. मायक्रोसॉफ्टही २००१ पासून याच वाड्यात येऊन राहिला आहे. आकड्यांचा हा पाळणा असा वरखाली होतच असतो. मला मात्र दर वेळी एकच शंका येते. चुलतभावाचा काळा डबा सेगाच्या तीन कोटींत मोजला गेला, हे उघड आहे. आमचा बिननावाचा कोणाच्याच खात्यात नाही. ना निन्टेन्डोच्या सहा कोटींत, ना आणखी कुठे. आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्यापुढे आजीच्या खोलीत अकरा मुले बसलेली मी स्वतः मोजली आहेत. दोन खेळणारी, नऊ ओरडणारी.

२००७ साली मारिओ आणि सोनिक प्रथमच एका खेळात एकत्र आले, ऑलिंपिकच्या मैदानावर. तो खेळ केला सेगाने आणि चालला निन्टेन्डोच्या डब्यावर. आपले घर मोडून चुलत्याच्या ओसरीवर दुकान थाटल्यासारखेच हे. पण दोघांनाही ते मानवले आहे असे दिसते.

मार्च २०२४ मध्ये आमचा वाडा पाडण्यासाठी रिकामा केला. नव्या इमारतीच्या कागदांवर आता चुलतभावाच्या आणि माझ्या सह्या आहेत. बेचाळीस पानांवर, प्रत्येक पानाला दोन. मजूर पाडापाडीला आले, तेव्हा माजघरातली भिंत पहारीच्या तिसऱ्याच घावाला आली. दोन गवंडी असूनही काम कच्चे होते. आजीच्या फडताळात वरच्या खणात दोन्ही डबे निघाले, एकाच जुन्या धोतरात गुंडाळलेले. ब्याऐंशी वर्षांचे काका खुर्चीवर बसून होते. त्यांनी काळ्या डब्याकडे पाहिलेसुद्धा नाही, आमचा ॲडॉप्टर मागून घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, "टिकलंय."

सध्या दोन्ही डबे माझ्याकडे, कोथरूडच्या जागेत, पुस्तकांच्या कपाटावर आहेत. ॲडॉप्टर मात्र चुलतभाऊ घेऊन गेला. जोड त्याच्या वडिलांनी दिलेला आहे, असे त्याचे म्हणणे. ॲडॉप्टर आमच्या वडिलांनी विकत आणलेला आहे, असे माझे म्हणणे. पत्रव्यवहार चालू आहे.